सोलापूर ते येनान : अंतर किती, काळ किती?

नकाशावर सोलापूर आणि उत्तर चीनमधील शिजियाझुआंग या दोन शहरांस जोडणारी रेषा आखली, तर ती सुमारे ४,४०० किलोमीटर भरते. जेट विमानाच्या हिशेबाने हे अंतर साडेपाच तासांचे. वाटेत हिमालय आणि तिबेटचे पठार आडवे येत असल्याने अशी सरळ वाट कोणी वैमानिक धरीत नाही, हा भाग वेगळा. सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांची समाधी याच शिजियाझुआंगमध्ये आहे.

सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंना मदतीची विनंती केली. त्या वेळी सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. डॉ. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस हे पाच डॉक्टर १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून 'राजपुताना' बोटीने निघाले आणि १७ सप्टेंबरला कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझौला पोहोचले. विमाने तेव्हा नव्हती असे नाही. इम्पीरियल एअरवेजची पेनांग-हाँगकाँग सेवा मार्च १९३६ पासून सुरू होती. परंतु त्या लहानशा विमानात टपाल आणि मोजकेच उतारू मावत. औषधांच्या पेट्या आणि रुग्णवाहिका घेऊन जाणाऱ्यांना समुद्राखेरीज दुसरा मार्ग नव्हता.

खरी लांबी पुढेच होती. चांगशा, हँकाव, यीचांग, चुंगकिंग, शीआन असा वळसा घेत हे पथक १२ फेब्रुवारी १९३९ रोजी येनानला पोहोचले. मुंबई सोडल्यापासून १६४ दिवस! दरम्यान ऑक्टोबरात कँटन व हँकाव ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती पडली होती, म्हणजे आल्या वाटेने परतणेही बंद झाले. येनानला पोहोचण्यापूर्वीच कोटणीसांना वडील वारल्याची वार्ता कळली. अंत्यदर्शनाचा प्रश्नच नव्हता. घरी जाण्याची मोकळीक असूनही ते पुढे गेले. हा निर्णय त्यांना सोपा गेला असेल असे मला वाटत नाही.

१९४१ साली ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने ते निवर्तले. मुलगा यिनह्वा तेव्हा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता. त्याच १९४२ मध्ये आसाममधून हिमालयावरून चीनमधील कुनमिंगला अमेरिकी मालवाहू विमाने जाऊ लागली होती. ते उड्डाण काही तासांचे; पण कुनमिंग दूर दक्षिणेला, आणि कोटणीस उत्तरेकडील वेढ्यात.

अंतर किलोमीटरांत मोजले जाते, काळ मात्र राजकारणही ठरविते. भारत-चीन थेट विमाने २०२० साली थांबली, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. पहिले कोलकात्याहून ग्वांगझौला गेले, सुमारे चार तासांत. पाच डॉक्टर जेथे उतरले, तेच हे शहर. जून २०२५ पासून सोलापूरहूनही गोव्याला विमान जाऊ लागले. तरी भय्या चौकातील कोटणीसांच्या घरी, जे आता स्मारक आहे, तेथे येणाऱ्या एखाद्या सोलापूरकराने समाधीच्या दर्शनास जायचे ठरविले, तर त्याला दोन-तीन ठिकाणी विमान बदलावे लागेल आणि बीजिंगहून पुढे सव्वा तास आगगाडीने जावे लागेल.