सात वर्षांचा हिशेब

मी बोम्मसंद्र्यातून बोलतोय. बेंगळुरूच्या दक्षिणेला, होसूर रस्त्यावरची ही औद्योगिक वसाहत. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका इथपर्यंत आली. कारखान्यांत कामाला देशभरातून माणसं येतात, त्यांत आपली मराठी कुटुंबंही भेटतात. बारावीचा निकाल लागला की काही पालक माझ्याकडे फॉर्म घेऊन येतात. बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: मार्क आहेत, कागद पुरे पडत नाहीत. आज या अडचणीचा इतिहास पाहू.

सुरुवात धारवाडपासून करतो. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. १८५६ साली एका महार मुलानं तिथल्या सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारनं ठराव केला, त्याचा आशय असा: तत्त्वानं न्याय या मुलाच्याच बाजूला आहे, पण एकट्यासाठी त्याला आत घेतलं तर बाकीचे लोक शाळेकडे पाठ फिरवतील. म्हणजे हक्क मान्य आणि प्रवेश नामंजूर. कलकत्त्याच्या सरकारला हे पटलं नाही. प्रकरण लंडनपर्यंत गेलं आणि १८५८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी कळवलं, सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी खुल्या आहेत. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात हे प्रकरण आवर्जून मांडलं. तत्त्वाचं उत्तर यायला दोन वर्षं लागली. शाळेच्या वयात दोन वर्षं फार मोठी असतात.

स्वातंत्र्यानंतर जातीवरून दार बंद करणं घटनेनं थांबवलं. मग प्रश्न पुढे आला तो 'तू कुठला?' हा. १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी सांगितलं की भारतीयाचा अधिवास एकच, तो म्हणजे भारत. तरीही वैद्यकीय पदवीच्या काही जागा राज्यातल्या रहिवाशांसाठी राखायला न्यायालयानं मुभा दिली. १९९० साली मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचा खटला आला. विद्यार्थी आंध्रातल्या अनुसूचित जमातीचा. वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच मुंबईत आलेला, तिथंच शिकलेला. न्यायालय म्हणालं, जमातीची मान्यता त्या त्या राज्यापुरती असते. राज्य बदललं की सवलत सोबत येत नाही.

आता हेच बोम्मसंद्र्याला लावून पाहा. वही घ्या आणि माझ्याबरोबर मोजा. समजा, एक मुलगी सहावीपर्यंत सोलापूर जिल्ह्यातल्या गावी शिकली. सातवीत इथं आली, बारावी इथंच झाली. किती वर्षं झाली? सहा. कर्नाटकात सीईटीमार्फत सरकारी कोट्याची जागा हवी असेल, तर सर्वसाधारण नियम असा, की पहिली ते बारावीत किमान सात वर्षं राज्यात शिकलेलं असावं. आई-वडील कर्नाटकात शिकलेले असले तर काही सवलत आहे. पण इथल्या कामगारांचं शिक्षण गावाकडेच झालेलं असतं. बरं, महाराष्ट्रात परतावं? तिथं वैद्यकीयच्या राज्य कोट्याला दहावी-बारावी महाराष्ट्रातलीच लागते आणि अधिवासाचा दाखलाही लागतो. बेळगाव, निपाणीकडच्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रानं वेगळी तरतूद ठेवली आहे. बोम्मसंद्रा त्या यादीत नाही. मुलगी दोन्हीकडून सुटली. उरतात खासगी कॉलेजच्या महागड्या जागा.

गंमत बघा, हीच मुलगी सातवीत आली तेव्हा कायदा तिच्या बाजूनं होता. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नका, शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवू नका. पण हे संरक्षण चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत.

अमेरिकेत रीतसर कागद नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांचंही असंच झालं. ती मुलं परदेशी, आपली मुलगी या देशाची नागरिक, हा फरक मोठा आहे. पण शिडी तिथंच तुटते. १९८२ च्या 'प्लायलर विरुद्ध डो' निकालानं त्या मुलांना शाळा खुली केली, कॉलेजबद्दल हमी दिली नाही. २००१ साली टेक्सास आणि कॅलिफोर्नियानं कायदे केले: आमच्या शाळेत ठरावीक वर्षं शिकलात, तर राज्यातल्या विद्यार्थ्याइतकीच फी. कॅलिफोर्नियानं मूळ कायद्यात हायस्कूलची तीन वर्षं पुरेशी मानली. टेक्सासची सवलत मात्र २०२५ मध्ये न्यायालयात अडकली.

राज्यानं आपल्या शाळांत शिकलेल्यांना आधी जागा द्यावी, याला माझा विरोध नाही. कर भरणाऱ्या स्थानिकांचा तो आग्रह समजण्यासारखा आहे. पण कारखाना बापाला सातव्या वर्षाची अट घालत नाही. पहिल्या दिवसापासून कामाला घेतो. मग त्याच्या मुलीची इथली सहा वर्षं शून्य का धरायची? दोन्ही राज्यांतली वर्षं जोडून कुठल्या तरी एका राज्यानं तिला आपलं म्हणावं, एवढंच माझं मागणं आहे.

तोवर पालकांनी तीन गोष्टी कराव्यात. गाव सोडण्याआधी वर्षं मोजा. प्रत्येक इयत्तेची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवा. आणि जातीचा दाखला मूळ तालुक्यातून वेळेत काढा, कारण मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती साधारणपणे मूळ राज्याकडूनच मिळते. दाखल्यासाठी गावी हेलपाटे घालायचे म्हणजे पगार बुडतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून निकालाची वाट न पाहता दहावीतच कामाला लागा.

प्रवेश मिळाला तरी राहायचं कुठं, जेवायचं काय, हा प्रश्न उरतोच. त्याचं एक उत्तर शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी करून दिलं. ती गोष्ट पुढच्या भागात.