आय५ की आय७? १५ हजार जास्त मोजण्याआधी हा हिशेब करा

अलिबागपासून आठ-नऊ किलोमीटरवर असलेलं नागाव ओळखलं जातं ते समुद्रकिनारा, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि घरगुती होमस्टेसाठी. इथला धंदा हंगामी. दिवाळी ते मे महिना पाहुण्यांचा, पावसाळा शांत.

समजा, अशाच एका घरात हंगामाच्या कमाईतून लॅपटॉप घ्यायचा आहे. त्यावर होमस्टेचं बुकिंग आणि हिशेब होणार, शिवाय मुलीचं कॉलेजही. दुकानदार सांगतो, "१५ हजार जास्त टाका, आय७ घ्या. पाच वर्षं बघायला नको." हे १५ हजार टाकावेत का?

आय७ म्हणजे नेहमीच वेगवान?

नाही. आय५, आय७ ही फक्त श्रेणी झाली. खरी माहिती पुढच्या आकड्यांत आणि अक्षरांत असते.

इंटेलचे २०२२ चे दोन प्रोसेसर घेऊ. आय५-१२३५यू आणि आय७-१२५५यू या दोघांतही १० कोअर आहेत. कोअर म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग. कमाल वेग अनुक्रमे ४.४ आणि ४.७ गिगाहर्ट्झ, म्हणजे फरक साधारण ७ टक्के. त्याच पिढीतल्या आय५-१२४०पी मध्ये मात्र १२ कोअर आहेत, म्हणजे या आय७ पेक्षाही दोन जास्त.

एएमडीचंही तसंच. २०२३ च्या रायझन ५ ७५२०यू या नावातला पहिला ७ बघून तो नवाकोरा वाटतो, पण त्याची मूळ रचना २०१९ मध्ये आलेली 'झेन २' आहे. या मालिकेत रचना कुठली, ते तिसरा आकडा सांगतो.

७ टक्क्यांनी किती वेळ वाचतो?

१० मिनिटं लागणारा व्हिडिओ एक्स्पोर्ट घ्या. त्यातलं सगळं काम प्रोसेसरच करतो असं धरलं, तरी वाचतात जेमतेम ४० सेकंद. आठवड्यातून दोनदा हे काम केलं, तर वर्षाला साधारण ७० मिनिटं.

बुकिंगची वेबसाइट उघडताना तर बराचसा वेळ इंटरनेटची वाट पाहण्यात जातो. तिथे प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी रिकामाच बसून राहतो.

लॅपटॉप नेमका कशामुळे अडतो?

घरात जुना विंडोज लॅपटॉप असेल तर हे पाच मिनिटांत कळतं. नेहमीची सगळी कामं एकदम सुरू करा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या 'परफॉर्मन्स' भागात तीन गोष्टी बघा.

- मेमरी सतत ८५-९० टक्क्यांवर असेल, तर रॅम कमी पडतेय.
- डिस्क वारंवार १०० टक्क्यांवर जात असेल आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी बसवल्यावर तोच लॅपटॉप बराच चपळ होतो. कदाचित नवा घ्यायचीही गरज उरणार नाही.
- सीपीयू बराच वेळ १०० टक्क्यांजवळ असेल, तरच प्रोसेसर अपुरा पडतोय असं म्हणता येईल.

नवा घेताना ८ ऐवजी १६ जीबी रॅमला आधी प्राधान्य द्या. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. हे दुकानातच विचारून घ्या.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी काय?

इंटेलच्या नावातलं शेवटचं अक्षर बघा. या पिढीत 'यू' प्रकाराची मूळ वीजगरज १५ वॅट, तर 'एच'ची ४५ वॅट. 'एच' जास्त ताकदीचा, पण जास्त तापणारा आणि बॅटरी लवकर संपवणारा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकलं, तेव्हा रायगडमधली कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. जिथे पावसाळ्यात वीज जाते, तिथे बॅटरी किती तास चालते हा प्रश्न वेगाइतकाच महत्त्वाचा.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. प्रोसेसर फार तापला की स्वतःहून वेग कमी करतो. एसी नसलेल्या खोलीत, मे महिन्याच्या उकाड्यात, पातळ लॅपटॉपमधला महागडा प्रोसेसर आपला पूर्ण वेग फार काळ टिकवू शकत नाही.

मग जास्त पैसे कोणी मोजावेत?

ज्यांना रोज प्रोसेसरची वाट पाहावी लागते त्यांनी. व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी डिझाइन, मोठं प्रोग्रामिंग अशी कामं असतील आणि रोज २० मिनिटं वाचणार असतील, तर वर्षाच्या २५० कामाच्या दिवसांत ८३ तास होतात. म्हणजे पहिल्याच वर्षी १५ हजारांचा भाव पडतो तासाला सुमारे १८० रुपये. कामाची कमाई त्याहून जास्त असेल, तर सौदा फायद्याचा.

नागावच्या त्या घरात मात्र कामं आहेत बुकिंग, हिशेब आणि कॉलेजचे प्रोजेक्ट. मुलगी इंजिनिअरिंग किंवा अ‍ॅनिमेशनला जाणार असेल, तर आधी कॉलेजला कोणती सॉफ्टवेअर लागतात ते विचारावं. नाहीतर अलीकडच्या पिढीचा आय५, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी एवढं पुरेसं आहे. उरलेल्या पैशांत इन्व्हर्टर आला, तर पावसाळ्यात त्याचाच उपयोग जास्त होईल.