नेक्सस ६ च्या पाठीवरील खळगा

१/ ऑक्टोबर २०१४. गूगलने ‘नेक्सस ६’ हा फोन जाहीर केला, बांधणी मोटोरोलाची. पाठीवर मोटोरोलाचे बोधचिन्ह एका लहानशा खळग्यात बसवले होते. पाहणाऱ्याला ती शोभा वाटे. वस्तुतः तो एका फसलेल्या बेताचा अवशेष होता.

२/ त्या जागी बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर बसणार होता. तो का बसला नाही, हे मोटोरोलाचे माजी प्रमुख डेनिस वुडसाइड यांनी जानेवारी २०१५ मध्ये एका मुलाखतीत सांगितले. सर्वोत्तम पुरवठादार अ‍ॅपलने विकत घेतला होता. इतरांसाठी उरलेल्या दुसऱ्या पुरवठादाराचे तंत्र अद्याप कच्चे होते.

३/ तो सर्वोत्तम पुरवठादार म्हणजे फ्लोरिडातील ‘ऑथेनटेक’. मोटोरोलाच्याच ‘अ‍ॅट्रिक्स’ फोनमध्ये २०११ साली ठसा ओळखणारा सेन्सर होता, तोही ऑथेनटेकचाच. म्हणजे या वाटेवर मोटोरोला अ‍ॅपलच्या आधी चालली होती.

४/ जुलै २०१२ मध्ये अ‍ॅपलने सुमारे ३५.६ कोटी डॉलरना ऑथेनटेक घेण्याचा करार केला. सप्टेंबर २०१३ मध्ये ‘टच आयडी’ असलेला ‘आयफोन ५एस’ आला. त्यावर बोट नुसते टेकवले की पुरे. २०१४ च्या सॅमसंग ‘गॅलेक्सी एस५’ वर मात्र ते घासावे लागे.

५/ याच काळात, मे २०१२ मध्ये, गूगलने सुमारे १,२५० कोटी डॉलर मोजून मोटोरोला मोबिलिटी घेतली होती. तिचे हजारो पेटंट हाती आले. परंतु अँड्रॉइड सर्वांसाठी खुले ठेवण्याचे वचन गूगलने दिले असल्याने मोटोरोलाच्या फोनला खास असे काही देता येईना. जानेवारी २०१४ मध्ये बहुतांश पेटंट स्वतःकडे ठेवून गूगलने ती लेनोव्होला विकण्याचे जाहीर केले.

६/ दोन्ही व्यवहार शेजारी ठेवले की भेद उमगतो. अ‍ॅपलने एक सुटा भाग घेतला आणि त्याची वाट इतरांना बंद केली. एका फोनचे वेगळेपण असे दुसऱ्याच्या उणिवेतूनही घडले. त्या उणिवेची किंमत मोजली ती दुसरा फोन घेणाऱ्या ग्राहकाने.

७/ मात्र विकत घेतलेली आघाडी टिकाऊ नसते. सप्टेंबर २०१५ मध्ये आलेल्या ‘नेक्सस ५एक्स’ आणि ‘६पी’ यांच्या पाठीवर बोट टेकवून चालणारा सेन्सर होता. तोवर अ‍ॅपलने, २०१३ मध्येच, इस्रायलची ‘प्राइमसेन्स’ घेतली होती. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या ‘कायनेक्ट’मागचे, वस्तूची खोली मोजणारे तंत्र तिचेच. २०१७ च्या ‘आयफोन एक्स’ने त्याच जातीच्या तंत्राने चेहरा ओळखला. बोटाच्या सेन्सरला त्या फोनवर जागाच उरली नव्हती.