चंग्येचन : स्लॅबखालचा ओढा

आज आपण सोलला जाऊ, दक्षिण कोरियाच्या राजधानीत. या शहराच्या मधोमध चंग्येचन नावाचा ओढा आहे. ‘चन’ म्हणजेच ओढा. जवळजवळ पन्नास वर्षं तो काँक्रीटच्या स्लॅबखाली होता आणि वरून गाड्या धावत होत्या.

ओढा तसा पावसाळी. पाऊस आला की घरांत पाणी, एरवी गाळ. पानिपतच्या आदल्या वर्षी, १७६० मध्ये, राजा योंगजोने तो उपसून घेतला. काम ५७ दिवस चाललं.

कोरियन युद्धानंतर बेघर झालेली माणसं काठावर झोपड्या बांधून राहिली. सगळं सांडपाणी ओढ्यात. मग १९५८ पासून तो झाकायला घेतला. वर रस्ता, रस्त्यावर पुन्हा उन्नत मार्ग. त्या काळी हीच प्रगती! आपण तरी आपल्या शहरांत वेगळं काय केलं?

जुलै २००३ मध्ये महापौर ली म्योंग-बाक यांनी हे सगळं पाडायला घेतलं. १ ऑक्टोबर २००५ ला ५.८ किलोमीटर ओढा लोकांसाठी खुला झाला. रस्त्याखाली १४१० सालचा एक दगडी पूल होता, ग्वांगथोंगग्यो. त्याचीही गंमत ऐका. राजा थेजोंगचं सावत्र आईशी वैर. तिच्या थडग्याचे कोरीव दगड त्याने या पुलाला लावले, काही तर चक्क उलटे. म्हणजे येणारा-जाणारा तिच्या थडग्यावरून चालणार! पूल वाचला, पण मूळ जागी नाही, थोडा वरच्या बाजूला उभा केला.

उन्नत मार्गाखाली पथारी मांडणाऱ्या विक्रेत्यांना जुन्या स्टेडियममध्ये हलवलं. काही वर्षांत तेही पाडायचं ठरलं आणि त्यांना पुन्हा बोचकी बांधावी लागली.

आणि पाणी? झाकण काढलं, तरी पाणी आपोआप आलं नाही. दररोज साधारण सव्वा लाख टन पाणी पंपाने आणून सोडतात, बहुतेक हान नदीचं. मासे आले, पक्षी आले, संध्याकाळी लोक पाय सोडून बसतात. हे काम फसलं असं मी म्हणणार नाही. पण ओढा परत आणला, असंही माझ्याने म्हणवत नाही. डोंगराकडून त्याला येऊन मिळणारे ओहोळ बहुतांशी अजून रस्त्यांखालीच आहेत.