ऐरणीपासून शेगड्यापर्यंत

मनमाड–सिकंदराबाद रेल्वे 1900 च्या सुमारास सुरू झाली आणि मराठवाड्याला नट-बोल्टच्या जगाशी जोडून गेली. शेगडा, म्हणजेच व्हाईस, हे त्याच जगाचे अवजार. पण तो घट्ट बसवण्यामागचे शहाणपण आपल्या गावगाड्याला नवे नव्हते. बलुतेदार लोहार ऐरण लाकडी ठोकळ्यात रोवी आणि ठोकळा जमिनीत गाडी, कारण घणाचा मार अखेर भुईनेच झेलायचा असतो. पायाच्या शेगड्याची लांब दांडी जमिनीला टेकते, तीही याचसाठी. टेबलावरचा शेगडा टेबलाच्या पायाजवळ, आरपार बोल्ट व खालून रुंद वायसर घालून आवळतात. नुसते स्क्रू कानशीच्या रोजच्या हिसक्यांनी सैल होतात.

लोहार बसून काम करी, सुतार पायाने लाकूड दाबून धरी. मग हा वारसा कसा, असा आक्षेप येईल. बैठक बदलली, हे खरेच. 1950 साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून घडलेला फिटर उभ्याने, कोपराच्या उंचीवरच्या शेगड्यावर काम शिकला. पण मार जमिनीपर्यंत पोचवण्याचा नियम तोच राहिला. म्हणून फिटरचा इतिहास लोहाराच्या भात्यापासून सांगायला हवा.