शब्द टाकणारा तिसरा माणूस

सतराव्या शतकाच्या अखेरीस जंजिऱ्याच्या सिद्दीचा जाच असह्य झाला आणि श्रीवर्धनच्या भट घराण्याने कोकण सोडले. सावित्रीच्या खाडीपलीकडे वेळासला भानूंचे घर होते. बाळाजी विश्वनाथ भटांच्या पाठोपाठ भानू बंधूही देशावर आले. कोणत्या कचेरीत कारकुनाची जागा रिकामी आहे याची दवंडी त्या काळी कोणी पिटत नसे. ज्याचे अक्षर वळणदार, हिशेब चोख आणि ज्याच्या पाठीशी कोणी शब्द टाकणारा, त्याला दफ्तरात बसायला मिळे. बाळाजी विश्वनाथ धनाजी जाधवांच्या पदरी वसुलाच्या कामाला लागले, पुढे सुभेदारीपर्यंत चढले आणि १७१३ साली शाहू महाराजांनी त्यांना पेशवाईची वस्त्रे दिली. मग त्यांनी पडत्या काळातल्या सोबत्यांसाठी महाराजांकडे शब्द टाकला आणि फडणिशी भानूंच्या घरात आली. नाना फडणवीस जन्मले १७४२ साली, याच घरात. उत्तर पेशवाईचा सर्वांत नावाजलेला कारभारी हा असा एका शेजाऱ्याच्या शिफारशीने मिळालेल्या नोकरीचा वारस होता.

नोकरी देणारा एक, मागणारा दुसरा आणि दोघांनाही ओळखणारा तिसरा. जाहिरात नको, अर्जांची चळत नको. सिडनीच्या पश्चिमेला, पॅरामॅटाला लागून असलेल्या वेस्टमीडमध्ये आज नव्याने आलेला मराठी अभियंता संकेतस्थळांवर अर्ज टाकून थकतो, तेव्हा तो या तिसऱ्याच्याच शोधात बाहेर पडतो. हा माणूस तिथपर्यंत कोणकोणत्या वेशांत पोचला, ते आपण पाहू.

त्याला वगळण्याचे प्रयत्नही जुनेच आहेत. पॅरिसमध्ये तेओफ्रास्त रेनोदो नावाच्या वैद्याने १६३०च्या सुमारास पत्त्यांची एक कचेरी थाटली. काम हवे असलेल्यांनी आणि माणूस हवा असलेल्यांनी तिथे नोंद करावी, ओळख असो वा नसो, दोघांची गाठ पडावी, अशी ती कल्पना. लंडनमध्ये कादंबरीकार हेन्री फील्डिंग आणि त्यांचे बंधू जॉन यांनी १७५० साली तशीच नोंदणी कचेरी काढली. आजच्या नोकरीच्या संकेतस्थळांचे हे विसरलेले पूर्वज. आपल्याकडे मात्र कंपनी सरकार आले तरी कचेरीची रीत जुनीच राहिली: मुलाने एखाद्या नातलग कारकुनाच्या ओळखीने जायचे, महिनोन्‌महिने बिनपगारी उमेदवारी करायची, नकला उतरवायच्या आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहायची. ही बिनपगारी उमेदवारी वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे आपल्याला ती एका अनपेक्षित ठिकाणी भेटणार आहे.

कावसजी नानाभाई दावर यांच्या कंपनीने १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा घाट घातला आणि १८५६ साली ती सुरू झाली. गिरण्या वाढल्या तसा आपला तिसरा माणूस अगदी रूप पालटून पुढे आला. आता तो जॉबर होता; बायकांच्या खात्यात नाईकीण. रत्नागिरी किंवा साताऱ्याहून आलेला तरुण आधी गावकीच्या खोलीत पथारी टाकी, खानावळीत उधारीवर जेवे आणि गाववाल्याच्या मार्फत जॉबरपर्यंत पोचे. सकाळी गिरणीच्या दाराशी बदली कामगारांची गर्दी जमे आणि त्यातून कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवी. गोऱ्या किंवा पारशी मॅनेजरला कामगारांची नावे ठाऊक नसत आणि ठाऊक करून घेण्याची गरजही वाटत नसे; माणूस आणणे, त्याच्याकडून काम करून घेणे, त्याला घरी बसवणे, सारे जॉबरच्या हाती. त्याची दस्तुरी द्यावी लागे, कधी रोख, कधी दारू, कधी त्याच्याच ओळखीच्या सावकाराकडून काढलेले कर्ज. भानूंसाठी टाकलेला शब्द ऋणातून आला होता. जॉबरच्या शब्दाला भाव लागला होता.

ओळखीच्या वाटेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू झाकणे बरे नव्हे. ज्याचा कोणी आत नाही त्याला दार बंद. गिरणीत विणाई खात्याची मजुरी चांगली, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होतो, असे म्हणून तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. सवर्ण विणकर सवर्णांनाच आणीत, आणि त्यांनी आणलेले पुन्हा आपल्यांनाच. १९२८च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उभा केला. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोगाने १९३१च्या अहवालात भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावा असे सुचवले; १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्डे देण्याची योजना आणली. जॉबरची सद्दी ओसरली, संपली मात्र नाही.

यानंतर सरकार स्वतःच तिसऱ्याच्या जागी येऊन बसले, आणि आपण ज्या दोन देशांचा विचार करतो आहोत तिथे ते जवळजवळ एकाच वेळी घडले. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना काम हवे होते. भारतात १९४५ साली त्यासाठी पुनर्वसन आणि रोजगाराचे संचालनालय निघाले, त्याच्या कचेऱ्या पुढे सर्वांना खुल्या झाल्या आणि १९५९च्या कायद्याने रिकाम्या जागा कळवणे बंधनकारक केले. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घालणे आणि ‘कॉल’ची वाट पाहणे हा मग दोन पिढ्यांच्या मराठी तारुण्याचा भाग झाला. ऑस्ट्रेलियात १९४५च्याच कायद्याने कॉमनवेल्थ एम्प्लॉयमेंट सर्व्हिस स्थापन झाली आणि १९४६ साली तिचे काम सुरू झाले. भिंतीवरच्या फळ्यांवर नोकऱ्यांची कार्डे लावलेली असत. पसंतीचे कार्ड घेऊन टेबलाशी जायचे. १९९८ साली ही सेवा मोडीत निघाली आणि ते काम खासगी व धर्मादाय संस्थांच्या जाळ्याकडे गेले.

सरकारी फळ्याच्या आधी सिडनीत काय होते? इथे आपल्याला वेस्टमीडच्या आसपासच थांबावे लागेल. हा सारा परिसर धारुग लोकांचा. वसाहत वसल्यावर त्याचा मोठा भाग पॅरामॅटाच्या गव्हर्नरांच्या राखीव जमिनीत गेला. वसाहतीत मजूर मिळवण्याचा मार्ग म्हणजे सरकारकडे अर्ज करून कैदी मागणे. आजच्या वेस्टमीड रुग्णालयापासून पायी जाण्याच्या अंतरावर १८२१ साली स्त्री-कैद्यांची फिमेल फॅक्टरी उघडली, आणि ती तुरुंग, कारखाना व घरकामाच्या बाया नेमून देण्याचे ठाणे अशी तिन्ही कामे करी. कैद्यांना असे नेमून देणे १८४०च्या सुमारास थांबले आणि स्वेच्छेने येणाऱ्या मुली बंदरावर उतरू लागल्या, त्यांना मात्र कोणी वाली नव्हता. हा वाली मद्रासहून आला. कंपनीच्या फौजेतल्या कॅप्टनची पत्नी कॅरोलाइन चिझम मद्रासला सैनिकांच्या मुलींसाठी शाळा चालवून १८३८ साली सिडनीत आली होती. १८४१ साली तिने निराधार मुलींसाठी निवारा आणि त्याला जोडून फुकट नोंदणी कचेरी काढली. मालक कसा आहे याची ती स्वतः चौकशी करी, कराराच्या तीन प्रती काढी, आणि घोड्यावर बसून मुलींच्या तांड्यासह आतल्या मुलखात जाई. १८४६पर्यंत तिने सुमारे ११,००० लोकांना कामाला आणि ठिकाणाला लावले असे मानतात. १९६७ साली निघालेल्या पाच डॉलरच्या नोटेवर तिचे चित्र होते. माझ्या मते या संपूर्ण मागोव्यात तिच्याइतका स्वच्छ तिसरा माणूस दुसरा नाही: तिने मुलीसाठी मालकाला शब्द दिला, आणि मालकाविषयी मुलीलाही.

गोऱ्यांखेरीज इतरांना दार बंद ठेवणारे श्वेत ऑस्ट्रेलियाचे धोरण १९७३ साली शेवटी मोडीत निघाले. त्याच वर्षी मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने दुबळ्या ओळखींच्या बळाविषयी एक निबंध लिहिला. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्यांना विचारता निम्म्याहून अधिकांना ओळखीतून काम मिळाले होते. पण ती ओळख बहुधा जिवलगाची नव्हती, अधूनमधून भेटणाऱ्याची होती. सख्ख्या मित्राला जे कळते ते आपल्यालाही आधीच कळलेले असते. १९७८ साली वेस्टमीडचे मोठे रुग्णालय सुरू झाले, १९९५ साली मुलांचे रुग्णालय शेजारी आले, आणि मराठी माणसे आधी डॉक्टर म्हणून, मग संगणकाच्या कामांवर इथे वस्ती करू लागली. १९९७ साली मेलबर्नमध्ये ‘सीक’ आणि भारतात ‘नोकरी डॉट कॉम’ सुरू झाले. वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिराती तिकडे वाहून गेल्या, आणि रेनोदोचे स्वप्न एकदाचे साकार झाल्यासारखे वाटले.

पण एका जागेवर शेकडो अर्ज येऊ लागले, तसा निवडणाऱ्यालाच पुन्हा भरवशाचा माणूस हवासा वाटला. कंपन्या आता आपल्या नोकरांना ओळखीचा माणूस आणल्याबद्दल बक्षीस देतात: जॉबरची दस्तुरी कामगाराच्या खिशातून जाई, ही मालकाच्या खिशातून येते. एवढा बदल चांगलाच म्हणायचा. वेस्टमीडमध्ये हा व्यवहार गणेशोत्सवाच्या मांडवात होतो, शाळेच्या फाटकाशी होतो, रविवारच्या क्रिकेटनंतर होतो. ‘सीव्ही पाठव, बघतो’ हे वाक्य पुष्कळदा दुसऱ्यांदाच भेटलेला माणूस म्हणतो. ग्रॅनोव्हेटरने नेमके हेच मांडले होते. कोणी शेजारच्या वेंटवर्थव्हिलच्या दुकानांत, बालवाड्यांत, औषधांच्या दुकानांत कागद घेऊन फिरते. आणि परदेशात शिकलेला डॉक्टर परीक्षा देता देता एखाद्या रुग्णालयात ऑब्झर्व्हर म्हणून बिनपगारी उभा राहतो, तेव्हा कचेरीतली जुनी उमेदवारीच पांढऱ्या कोटात दिसते. दोनशे वर्षांपूर्वीचा कारकून निदान नकला तरी उतरवी. याला रुग्णाला हात लावायची परवानगी नसते.

अडते ते शेवटच्या पायरीवर. मुलाखत चांगली झाली तरी ऑस्ट्रेलियात दोन रेफरींची नावे मागतात आणि त्यांना खरोखर फोन लावतात. तिथे पुण्याचा साहेब पुरेसा ठरतोच असे नाही; इथला कोणी हवा. मावशी, मामा चालत नाहीत, हाताखाली काम करून घेतलेला माणूस लागतो. म्हणून नुकत्याच आलेल्या पुष्कळ जणी आणि पुष्कळ जण आठवड्यातून एखाद-दोन सकाळी धर्मादाय संस्थेच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात कपडे लावायला जातात, कॉलेजचा छोटा अभ्यासक्रम करतात, मराठी मंडळाच्या कार्यक्रमाचे हिशेब अंगावर घेतात. सहा महिन्यांनी त्या दुकानाची व्यवस्थापक फोनवर सांगते की बाई वेळेवर येत होती आणि गल्ल्याचा हिशेब कधी चुकला नाही, आणि फॉर्मवरचा एक रकाना भरतो.