कियांतीची ‘रेसिपी’ आणि न वाचलेलं पत्र

कियांती या इटालियन रेड वाइनबद्दल काहीही वाचायला घ्या, एक वाक्य हमखास सापडेल: ‘1872 मध्ये बॅरन बेत्तिनो रिकासोलीने कियांतीचा फॉर्म्युला ठरवला.’ पुढे टक्केवारीही दिलेली असते. माझ्या प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात मीही ते तसंच उतरवलं होतं. गाइडनी समासात एवढंच लिहिलं, ‘पत्र पाहिलंत का?’ नव्हतं पाहिलं.

रिकासोली म्हणजे इटलीचा दुसरा पंतप्रधान. ब्रोलिओच्या गढीत त्याने वर्षानुवर्षं वाइनचे प्रयोग केले आणि निष्कर्ष पिसा विद्यापीठातल्या प्राध्यापक स्तुदियातींना कळवले. ज्या परिच्छेदाचा सगळे दाखला देतात, त्यात टक्केवारी नाहीच! सांजोव्हेसे द्राक्षांमुळे वाइनला सुगंध आणि जोम येतो, कानाइओलो तिचा कडकपणा कमी करते, असं तो म्हणतो. माल्वाझिया या पांढऱ्या वाणाने वाइन हलकी होते, रोजच्या जेवणाला लवकर तयार होते. पण मुरवायच्या वाइनमध्ये माल्वाझिया नसली तरी चालेल, हेही तो तिथेच सांगतो.

आता 1967 चा कायदा बघा. त्यात 10 ते 30 टक्के पांढरी द्राक्षं सक्तीची! शिवाय माल्वाझियाच्या जोडीला भरघोस पिकणारी, चवीला बेताची त्रेब्बियानोही आली. पत्रातली सवड नियमात सक्ती झाली, आणि वर नाव रिकासोलीचं.

बरं, ‘कियांती’ म्हणजे नेमकं कुठलं? 1716 मध्ये तिसऱ्या कोझिमोने राद्दा, गाइओले, कास्तेल्लिना, ग्रेव्हे या गावांभोवती हद्द आखली. 1932 मध्ये ती पसरून सात विभाग झाले. मूळ डोंगराळ भाग ‘क्लासिको’. अॅपेनाइन्सच्या पायथ्याच्या थंड रुफिनाची वाइन वर्षानुवर्षं टिकते, समुद्राकडच्या पिसाच्या टेकड्यांवरची हलकी असते. पण 1967 मध्ये या दोघींवरही पांढऱ्या द्राक्षांची सक्ती एकच.

अंतिनोरी घराण्याने 1975 पासून ‘तिन्यानेल्लो’तून पांढरी द्राक्षं काढूनच टाकली. नियमाबाहेरची म्हणून ती महागडी वाइन सर्वांत खालच्या ‘टेबल वाइन’ दर्जाखाली विकावी लागली. 1984 मध्ये क्लासिकोत सक्ती 2 ते 5 टक्क्यांवर उतरली. 2006 च्या हंगामापासून तर क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षांना बंदीच आहे.

ही बंदी म्हणजे ‘रिकासोलीची परंपरा मोडली’ असं कुठे वाचलंत, तर आधी तळटीप बघा. पत्राचा दाखला आहे, की पत्राबद्दल लिहिलेल्या कुणाच्या तरी पुस्तकाचा?